कलेतिहास शिकलेल्या व्यक्तीने संग्रहालयाचं संचालकपद घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. वाई-मेणवली भागातल्या मराठेकालीन भित्तिचित्रांवर तुमची पीएचडी झाली आहे. मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयात सहायक अभिरक्षक (क्युरेटर) म्हणून तुम्ही बरीच वर्षं काम केलंय. आता जिल्ह्याच्या गावातल्या एका न्यासाच्या संग्रहालयाने ‘संचालक म्हणून या’ असं विचारलंय. सहकारी म्हणतात, तिथे जाऊन कारकुनी करावी लागेल, संशोधन संपेल. घरचे म्हणतात, एवढं मोठं पद चालून आलंय, सोडू नकोस. आणि तुम्ही आम्हाला विचारताय की आधी एमबीए करावं की परदेशातला संग्रहालयशास्त्राचा कोर्स.

मी स्वतः याच वाटेने गेलो. मूर्तिशास्त्राचा विद्यार्थी, पुढे अभिरक्षक, आणि निवृत्त होईपर्यंत एका मध्यम आकाराच्या न्यास-संग्रहालयाचा संचालक. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते प्रश्न पदवीचा नाहीच. अभिरक्षक असताना वस्तू तुमच्या हातात असते; चित्र कुठल्या काळाचं, कुठल्या शैलीचं, खरं की बनावट हे तुम्ही ठरवता आणि त्याखाली तुमचं नाव येतं. संचालक झालात की तेच काम दुसऱ्यांकडून करवून घ्यायचं असतं, आणि त्याखाली त्यांचं नाव येऊ द्यायचं असतं. हे तुम्हाला आवडेल का, याचं उत्तर बाहेरचा कुणी देऊ शकत नाही. दुसरा प्रश्न असा, की तो न्यास तुम्हाला खरोखर निर्णय घेऊ देणार आहे का? याचं उत्तर मात्र रुजू होण्याआधीच मिळवता येतं, आणि बहुतेक लोक नेमकं तेच मिळवत नाहीत.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. संग्रहालय कुणाचं आहे यावर फार काही अवलंबून असतं. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाखालच्या संग्रहालयात बदल्या असतात, मंजूर पदं असतात, खर्चाचे ठरलेले लेखाशीर्ष असतात. तिथला प्रभारी माणूस कितीही विद्वान असला तरी त्याला साधा बल्ब बदलायलाही फाइल चालवावी लागते. महापालिकेचं आणि विद्यापीठाचं गणित आणखी वेगळं. तुम्हाला न्यासाकडून विचारणा आली आहे, म्हणून पुढचं सगळं न्यासापुरतं धरा.

‘विद्वान माणूस संचालक झाला की विद्वत्ता मेली’ असं म्हणणाऱ्यांना मी मुंबईचं उदाहरण देतो. बनारसचे डॉ. मोतीचंद्र लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९३७ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, कला विभागाचे क्युरेटर झाले. पुढे तिथलेच संचालक झाले. पश्चिम भारतातल्या जैन लघुचित्रांवर, प्राचीन वेशभूषेवर, व्यापारी मार्गांवर त्यांनी जे लिहिलं त्यावाचून आजही त्या विषयांत पाऊल टाकता येत नाही, आणि संचालकाच्या खुर्चीत बसूनही त्यांचं लेखन चालू राहिलं. पण या उदाहरणाचा उरलेला भाग लोक सांगत नाहीत. त्या म्युझियमच्या विश्वस्त मंडळाचं अध्यक्षपद कार्ल खंडालावाला यांनी सांभाळलं. पेशाने वकील (नानावटी खटल्यात कमांडर नानावटींची बाजू मांडणारे तेच), पण भारतीय चित्रकलेचे पक्के जाणकार. इतके, की १९६९ साली मोतीचंद्र आणि खंडालावाला या दोघांच्या नावाने चित्रकलेवरचा ग्रंथ निघाला. विश्वस्त आणि संचालक मिळून संशोधन करतात, असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? तेव्हा तुमच्या बाबतीत ‘मी मोतीचंद्र होईन का’ हे विचारण्याआधी ‘माझे अध्यक्ष कोण आहेत’ हे विचारा. अध्यक्ष चित्रकलेचे जाणकार नसले तरी चालतं. पण त्या जागी असा माणूस हवा, ज्याला एखाद्या गोष्टीला नकार का द्यायचा हे समजावून सांगितलं तर पटतं.

उलट बाजूचं उदाहरण न्यू यॉर्कचं. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये थॉमस कॅम्पबेल हे टॅपेस्ट्रीचे, म्हणजे विणलेल्या भित्तिपटांचे, अभ्यासक क्युरेटर होते. २००२ साली त्यांनी युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या भित्तिपटांचं प्रदर्शन केलं. तो विषय कुणी बघायला येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण प्रदर्शन गाजलं. २००९ साली ते थेट संचालक झाले. २०१७ मध्ये तुटीचा अर्थसंकल्प, कर्मचारीकपात, लांबणीवर पडलेली इमारतीची योजना या सगळ्या गदारोळात त्यांना जावं लागलं. त्यांच्यानंतर आलेले माक्स होलाइन व्हिएन्नामध्ये कलेतिहास आणि व्यवसाय प्रशासन हे दोन्ही विषय शिकलेले होते. यावरून ‘एमबीए हवंच’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. कॅम्पबेल यांच्यानंतर मेटने सुरुवातीला काम दोघांत वाटलं होतं, पैसा आणि प्रशासन एकाकडे, कला दुसऱ्याकडे. २०२३ मध्ये दोन्ही पदं पुन्हा एकाच माणसाकडे, होलाइन यांच्याकडे, आली. म्हणजे एवढ्या श्रीमंत संस्थेलाही यावर कायमचं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्या न्यासात तर बहुधा एक लेखापाल आणि एक व्यवस्थापक असेल. त्यांच्याशी जमवून घेणं हाच तुमचा एमबीए.

मग कलेतिहास शिकलेला संचालक असण्याचा उपयोग नेमका कुठे होतो? माझ्या अनुभवात रोजच्या कामात फारसा नाही. रोज काय असतं? गळतं छप्पर, सुरक्षारक्षकांची पाळी, वीजबिल, शाळेच्या सहलीची बस कुठे लावायची. येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न नेहमी ‘स्वच्छतागृह कुठे आहे’ हाच असतो, आणि ते स्वच्छ नसेल तर त्याला तुमची चोल शिल्पं आठवत नाहीत. पण काही मोजके प्रसंग असे येतात की तिथे तुमच्यासारखा माणूस नसेल तर संस्थेचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नुकसान होतं.

असा पहिला प्रसंग देणगीचा. गावातला प्रतिष्ठित माणूस वडिलांचा संग्रह घेऊन येतो. चाळीस लघुचित्रं. विश्वस्त हरखून जातात, सत्काराची तारीख ठरते. तुम्ही भिंग लावता. कागद जुनाच आहे, मागे कुठल्या तरी जमाखर्चाचा मजकूरही आहे, पण किड्याने पाडलेल्या भोकांच्या कडेतही रंग शिरलाय. म्हणजे भोक आधी, चित्र नंतर. जुन्या वह्यांची पानं काढून त्यावर नवी चित्रं रंगवण्याचा धंदा जुनाच आहे. आता हे देणगीदाराला, त्याचा अपमान न करता, कोण सांगणार? आणि दगडी किंवा धातूची मूर्ती असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का, मूर्ती कुठल्या देवळातून आली, हे विचारणार कोण? व्यवस्थापक नाही विचारणार. त्याला देणगी हवी असते. ‘हे आपण घेऊ शकत नाही, कारण अमुक’ हे वाक्य शांतपणे बोलता येणं हे संचालकाच्या कामातलं सगळ्यात महागडं कौशल्य आहे, आणि ते बोलायचं तर मागे खरा अभ्यास लागतो.

दुसरा प्रसंग प्रकाशाचा. कागदावरची चित्रं आणि वस्त्रं यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड टाकू नये असा सर्वमान्य दंडक आहे, कारण प्रकाशाने झालेली हानी साचत जाते आणि उलटवता येत नाही. पन्नास लक्स म्हणजे बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला चक्क अंधार. पाहुणे तक्रार करतात, विश्वस्त दिवे वाढवायला सांगतात. तिथे ऐकलंत तर वीस वर्षांनी तुमच्या भावी वारसाला फिक्कट कागद मिळतात. त्यावर मार्ग आहेत. चित्रं काही महिन्यांनी बदलत राहायची, दालनाच्या दारापासून उजेड हळूहळू कमी करत न्यायचा, म्हणजे डोळे सरावतात. पण हे पटवायला सभेत कुणीतरी लागतं.

तिसरा प्रसंग नोंदवहीचा, आणि इथे जरा थांबतो, कारण तुम्ही जिथे जाताय तिथली खरी परीक्षा हीच असेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे संचालक हार्टविग फिशर यांनी राजीनामा दिला. ते कलेतिहासाचेच डॉक्टर. आधी एसेनचं फोल्कवांग म्युझियम आणि ड्रेस्डेनचे सरकारी संग्रह चालवून आलेले. संग्रहालयातल्या सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब केलेल्या आढळल्या. त्यात बरेचसे कोरीव रत्नखडे आणि छोटे दागिने होते. २०२१ मध्येच एका जाणकार विक्रेत्याने म्युझियमला सावध केलं होतं. त्या इशाऱ्याकडे हवं तेवढं लक्ष दिलं गेलं नाही, हे फिशर यांनी मान्य केलं. हे शक्य कसं झालं? संग्रह ऐंशी लाखांच्या घरातला, आणि त्यातल्या फार मोठ्या भागाची सविस्तर, छायाचित्रांसह नोंदच नव्हती. ज्या वस्तूची नोंद नाही ती हरवली हे सिद्ध कसं करणार?

लंडनला हे होऊ शकतं, तर आपल्याकडची स्थिती काय असेल ते ओळखा. आपल्याकडे तर आणखी एक खास अडचण आहे, ‘चार्ज’ची. जुन्या पद्धतीत वस्तू अभिरक्षकाच्या नावावर असतात. निवृत्त होताना प्रत्येक वस्तू मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यायची, त्याशिवाय सुटका नाही. परिणाम असा, की अंगावर जबाबदारी नको म्हणून पुढचा माणूस चार्जच घेत नाही, कपाटं सीलबंद राहतात आणि आतल्या वस्त्रांना कसर लागते. काही ठिकाणी सील फुटतं तेच मुळी लेखापरीक्षणाच्या धाकाने. तुम्ही नव्या जागी गेलात तर पहिल्याच दिवशी कुणीतरी तुमच्यापुढे जाडजूड यादी ठेवून ‘इथे सही करा मॅडम’ म्हणेल. करू नका. ‘अमुक तारखेपर्यंत प्रत्यक्ष पडताळणी करू, दोन विश्वस्तांसमोर, छायाचित्रांसह, तोवर ताबा न्यासाचाच राहील’ असा ठराव मागा. तो मिळाला नाही तर मला वाटतं तुम्ही ती जागा घेऊ नये. इतर बाबतीत मी इतका ठाम नाही.

पडताळणी करताना एक वेगळाच फायदा होतो, आणि तो तुमच्या संशोधनाच्या काळजीशी जोडलेला आहे. आपल्याकडच्या लहान संग्रहालयांत काय दडलेलं असतं याची कल्पना कागदावरून येत नाही. साताऱ्याजवळ औंधला जाऊन आला असालच. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या त्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांच्या चित्रांबरोबर ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आईमुलाचं शिल्प बसलंय, एका टेकडीवर. तुमच्या नव्या संस्थेतही नोंदवहीत नुसतं ‘जुने चित्र, १ नग’ असं लिहिलेलं काहीतरी असणारच, आणि ते काय आहे हे ओळखू शकणारी त्या इमारतीतली तुम्ही एकटीच असाल. संचालकाला करता येण्याजोगं संशोधन हेच. भित्तिचित्रांचं सर्वेक्षण करत वाड्यावाड्यांतून हिंडणं यापुढे जमणार नाही, हे सहकारी म्हणतात ते खरंच आहे. स्वतःच्या संग्रहाची सूची मात्र जमते. आठवड्यातली एक सकाळ त्यासाठी राखून ठेवा आणि ती नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी कबूल केलेली सकाळ पहिल्याच महिन्यात कुठल्या तरी उद्घाटनाला जाते.

आता दुसऱ्यांच्या नावाने काम होऊ देण्याबद्दल. २०१७ साली मुंबईत भारताचा इतिहास जगाच्या इतिहासाशेजारी ठेवून दाखवणारं मोठं प्रदर्शन झालं. दोनशेहून अधिक वस्तू. काही ब्रिटिश म्युझियमच्या, बाकीच्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आणि देशभरातल्या संग्रहांतल्या. त्याचे क्युरेटर होते जेएनयूचे नमन आहुजा आणि ब्रिटिश म्युझियमचे जे. डी. हिल. यजमान होतं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय; त्याचे प्रमुख सब्यसाची मुखर्जी क्युरेटर नव्हते. पण इतक्या संस्थांना आपल्या वस्तू पेटीत घालून मुंबईला पाठवायला राजी करणं, विमा, स्थिती अहवाल, वस्तूसोबत येणारा माणूस, दालनातली आर्द्रता, आणि एखादी संस्था शेवटच्या क्षणी कचरली तर तिला धीर देणं, हे सगळं यजमानाच्या पदरात पडतं. वस्तू उसनी देणारा माणूस इमारत पाहत नाही, तो माणूस पाहतो. समोरच्या संचालकाला वस्तूचं मोल कळतं, हे त्याच्याशी बोलताना दोन मिनिटांत समजतं, आणि मग पुढची कागदपत्रं भराभर हलतात. तुमच्या पीएचडीचा उपयोग इथे होईल, कुणाच्या लक्षातही न येता. अशा वेळी प्रदर्शनाच्या फलकावर आपलं नाव खाली बारीक अक्षरात आहे याने तुम्हाला वाईट वाटणार असेल, तर अभिरक्षक राहा. त्यात कमीपणा काही नाही. मी ओळखतो त्यातले काही उत्तम विद्वान संचालकपद नाकारून सुखाने जगले.

पैशाबद्दल थोडक्यात सांगतो. तिकिटावर कुठलंच संग्रहालय चालत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन हा विषय आहे, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी संग्रहालयाला मिळू शकतो. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजनाही आहे. पण देणाऱ्याला फीत कापता येईल असं काहीतरी हवं असतं. नवं दालन, फिरतं संग्रहालय, मुलांसाठी उपक्रम यांना पैसे मिळतात. पगार, वाळवीची फवारणी, छपराची डागडुजी यांना मिळत नाहीत. म्हणून कुठल्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात देखभालीचा हिस्सा आधीच धरा आणि तो कमी करायला सांगितलं तर प्रकल्प लहान करा, देखभाल नको. नवं दालन उभारून दोन पावसाळ्यांत त्याला बुरशी लागलेली मी पाहिली आहे.

मुंबईच्याच भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा दाखला इथे बघण्यासारखा आहे. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ही राणीच्या बागेतली वास्तू मोडकळीला आली होती. २००३ साली महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक (वारसा जतनाचं काम करणारी संस्था) यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेची, निधीत फाउंडेशनचा हात, जतनाचं काम इंटॅकचं. त्यातून झालेल्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. ज्यांनी हे काम पुढे रेटलं त्या तस्नीम झकारिया मेहता कलेतिहासकारच, तिथल्या मानद संचालक आणि व्यवस्थापकीय विश्वस्त. माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे करार. कुणी काय करायचं आणि कुणी कशात ढवळाढवळ करायची नाही, हे कागदावर होतं. आपल्याकडचे बहुतेक न्यास घरच्यासारखे चालतात, म्हणजे सगळं बोलण्यावर, आणि मग संचालकाला रात्री दहाला फोन येतो की उद्या अमक्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो दरबार हॉलमध्ये काढायचे आहेत.

कोर्सचं म्हणाल तर पीएचडीनंतर आणखी एक पदवी घेऊ नका. संग्रहालयशास्त्राचा पाया कच्चा वाटत असेल तर बडोद्याच्या विद्यापीठातला विभाग १९५२ पासूनचा आहे, मुंबईच्या म्युझियमचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही आहे. पण तुम्ही इतकी वर्षं आत काम केलंय, तुम्हाला त्यातलं निम्मं येतं. त्याऐवजी ताळेबंद वाचायला शिका. एखाद्या ओळखीच्या सीएकडे बसून न्यासाची गेल्या तीन वर्षांची लेखापरीक्षित पत्रकं ओळीने समजून घ्या. कायम निधी किती, तो कशात गुंतवलाय, व्याज किती, त्यातून पगार भागतात का. हे कळलं की सभेत तुम्हाला कुणी ‘तुम्ही विद्वान माणसं, पैशाचं आमच्यावर सोडा’ असं म्हणत नाही.

थोडक्यात, होकार देण्यापूर्वी न्यासाकडे एवढं मागा: न्यासाची घटना किंवा योजना, विश्वस्तांची सध्याची यादी आणि धर्मादाय आयुक्तांकडे काही चेंज रिपोर्ट (न्यासाच्या नोंदीतल्या, उदाहरणार्थ विश्वस्तांच्या, बदलाचा अहवाल) किंवा वाद प्रलंबित आहे का याची माहिती, तीन वर्षांचे हिशेब, नोंदवहीची पहिली आणि शेवटची काही पानं, आणि मागच्या संचालकाशी अर्धा तास बोलण्याची मोकळीक. शेवटची गोष्ट टाळायला लागले तर समजा. नेमणूकपत्रात वस्तू स्वीकारण्या-नाकारण्याचा अधिकार, खालच्या नेमणुकांत तुमचं मत बंधनकारक असणं, पडताळणीची मुदत आणि ती एक सकाळ, हे चार मुद्दे यायला हवेत. सगळे मान्य होणार नाहीत. पहिला आणि तिसरा मान्य झाला तर मी तुमच्या जागी जाईन.

पगाराचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही, तो इथे लिहूही नका. फक्त तो आजच्या पगारापेक्षा किती जास्त आहे याबरोबर भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी आहे का हे विचारा. लहान न्यासांत पुष्कळदा ‘मानधन’ असतं आणि त्यात यातलं काहीच नसतं. घटनेची प्रत मिळाली की त्यातलं संचालकाच्या अधिकारांचं कलम नावं-गावं काढून इथे टाका, ते कसं वाचायचं ते सांगतो.